पंपरूमच्या कडीवरचा लाल रंग

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलाला नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही — त्याला माहीत असणारच, मग पुन्हा कशाला त्याचं डोकं खा, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. समजुती घालण्यात मी हुशार. तुम्हाला सांगते आहे ते अशासाठी, की तुमची-माझी ओळख नाही. ओळखीच्या लोकांत मी फार चांगली बाई आहे. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत अजूनही दोन घरांचं वाजलं की म्हणतात, आजींना बोलवा, त्या खरं काय ते सांगतील.

खरं काय ते. हं.

सुरुवात कुठून करू? बँकेतून करते, तिथून सोपं जाईल. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेले होते. ह्यांच्या मागे मला पेन्शन मिळते, आणि आम्हा पेन्शनवाल्यांना दर वर्षी जाऊन सिद्ध करावं लागतं की आम्ही अजून मेलो नाही. छोटंसं यंत्र असतं, त्यावर अंगठा टेकवायचा. टेकवला. यंत्राला काही मी जिवंत असल्याचं पटेना. काउंटरवरच्या मुलीने माझा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, मग तर्जनी लावून बघितली, मग मधलं बोट, मग दुसरा हात. दहाही बोटं झाली. शेवटी म्हणाली, "आजी, ठसे झिजलेत तुमचे. काही उमटतच नाहीये." मी लगेच म्हटलं, "बरं झालं, आता चोऱ्या करायला मोकळी." रांगेतले सगळे हसले. नात सई सोबत होती, ती सगळ्यात जास्त हसली. मीही हसले असणार.

मग रिक्षात बसल्यावर स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. काही वाटलं नाही. हेच तर सांगायचं आहे — काही वाटलं नाही. एका मुलाचे शाईने काळे झालेले हात आठवले, त्यांच्या शेजारी माझे हे गुळगुळीत हात दिसले, आणि मधे काहीच नाही. रडू नाही, धडधड नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतात ना, मग आपलाच ओठ आपल्या दाताखाली आला तरी कळत नाही. तसं. वीस-बावीस वर्षं झाली, ती सुई उतरलेली नाही.

थांबा. आधी गाडीचं सांगायला हवं.

नवं शतक लागून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. माझा मुलगा नितीन हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. सकाळी सातला कोपऱ्यावर बस यायची आणि आमच्या सोसायटीतली तीन-चार मुलं गळ्यात कंपनीच्या कार्डांचे पट्टे अडकवून तिच्यात चढायची. त्या पट्ट्यांचा आम्हा आयांना कोण अभिमान — जशी काही ती कार्डं आम्हीच छापली होती! वर्षभरात नितीनने लाल रंगाची छोटी गाडी घेतली. तो स्वतः बसने जायचा, म्हणजे सोमवार ते शुक्रवार गाडी माझी.

आता त्या बाईची तुम्हाला ओळख करून देते. वय बावन्न. केसांना मेंदी. सोसायटीची सेक्रेटरी, सलग सहा वर्षं — दुसरं कोणी ते काम घ्यायला तयार नव्हतं, पण ती मात्र आपण निवडून आलो अशा थाटात वावरायची. 'येथे गाडी लावल्यास चाकातली हवा आमची' ही गेटवरची पाटी तिचीच. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये एकवीस दिवस गाडी शिकली, आणि बाविसाव्या दिवसापासून नवऱ्याला शिकवायला लागली. ह्यांनी जन्मभर स्कूटर चालवली, पण चारचाकीला ते बिचकायचे. त्यावरून मी त्यांना चारचौघांत काय काय बोलले असेन! 'आमच्याकडे गाडी मी चालवते, हे हॉर्न वाजवतात' — हा माझा त्या वर्षीचा विनोद. भाजीवालीपासून जावेपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालेला. आज ती बाई समोरून आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

गाडी आली, पण लावायची कुठे? आमची बिल्डिंग स्कूटरच्या काळातली. खांबांमधल्या जागा स्कूटरच्या मापाच्या. चारचाकी नीट मावेल असा कोपरा सगळ्या पार्किंगमध्ये एकच — पंपरूमच्या शेजारचा. आणि रजिस्टरप्रमाणे तो कोपरा कांबळ्यांचा होता.

कांबळे म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे. काका टपाल खात्यात चांगल्या हुद्द्यावर, वहिनी शाळेत शिक्षिका, आणि एकुलता एक विशाल. नितीनच्याच वयाचा, तोही त्याच बसने हिंजवडीला जाणारा. दार उघडलं की समोर बुद्धाची तसबीर आणि शेजारी बाबासाहेबांची. अठ्ठावीस घरांत बौद्ध घर ते एकच. आम्ही बाई असलं काही मानत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. कोणी विचारलेलं नसताना सांगायचे. जे खरंच मानत नाहीत, ते असं सांगत फिरतात का हो?

रजिस्टर सेक्रेटरीकडे असतं. एके दिवशी मी 'कांबळे' या नावावर रेघ मारली आणि वर आमचं आडनाव लिहिलं. शेजारी शेरा — 'सोयीनुसार बदल'. कोणाच्या सोयीनुसार, ते लिहिलं नाही. त्यांच्या स्कूटरला खांबामागे जागा दिली. काका काही बोलले नाहीत. उभा जन्म सरकारी नोकरीत काढलेला माणूस. बोलून उपयोग कुठे नसतो, हे त्यांना चांगलं ठाऊक असावं.

पण रविवारच्या मीटिंगला विशाल उभा राहिला. आवाज चढवला नाही. "काकू, एकदा रजिस्टर बघूया का? सगळ्यांसमोर." एवढंच म्हणाला. मी म्हटलं, रजिस्टर वर घरी आहे, आता कोण जिने चढणार, पुढच्या वेळी बघू. लोक चहाकडे वळले. माझ्या मात्र घशात ते 'सगळ्यांसमोर' अडकून बसलं.

मंगळवारी दुपारी तीनला मी खाली गेले. आमच्याकडे एक ते चार सगळी सोसायटी आडवी झालेली असते, वॉचमन धरून. मला जायचं कुठेच नव्हतं. मी चोरून सराव करायची. कारण — हेही पहिल्यांदाच सांगते आहे — मला रिव्हर्स जमत नव्हता. एकवीस दिवसांत सरांनी पुढे जायला शिकवलं, मागे यायचं शिकवलं तेव्हा माझं लक्ष आरशात केस बघण्यात असावं. गाडी मागे घेताना पंपरूमच्या दाराची लोखंडी कडी डाव्या अंगाला घासली. पत्र्याचा आवाज आला, लांबलचक. मला वाटलं दुसरंच काही वाजतंय, म्हणून मी थांबलेसुद्धा उशिरा. उतरून पाहिलं तर मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत ओरखडा. आणि कडीला लाल रंग.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी गाडी होती तशी लावली, वर गेले, चहा टाकला.

त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं? हे हसले असते. नितीनने कपाळाला हात लावला असता. 'आमच्याकडे गाडी मी चालवते' हे माझं वाक्य आठवडाभर मलाच कोणी ना कोणी ऐकवलं असतं. बस. मी पुष्कळ आठवून बघितलं. याहून जास्त काही सापडत नाही.

संध्याकाळी हे खाली गेले आणि त्यांना ओरखडा दिसला. त्यांनी हाक मारली. मी पोचेपर्यंत चार माणसं गोळा झाली होती, चेअरमनही आले होते. सगळ्यांचं एकमत — हे किल्लीने केलेलं काम. लक्षात घ्या, ते म्हणाले, मी नाही. मी नुसती उभी होते. कितीतरी वर्षं मी याच एका काडीला धरून होते, की मी म्हटलं नव्हतं.

पण मी बोलले होते. चेअरमन म्हणाले, बाहेरचा कोणी आत येणार कसा, गेटला वॉचमन आहे. तेव्हा मी मोठ्या मनाच्या बाईसारखा हात झटकला आणि म्हटलं, "जाऊ द्या हो. आपल्यातलं कोणी असं करणार नाही."

आता हे वाक्य सावकाश वाचा. बाहेरचा नाही, हे चेअरमननी सांगितलं होतं. आपल्यातला नाही, हे मी सांगितलं. मग उरलं कोण? गेटच्या आत राहणारं, पण आपल्यातलं नसलेलं — असं घर कोणतं? मी नाव घेतलं नाही. घ्यावंच लागलं नाही. उभ्या असलेल्या माणसांच्या माना एकदम दुसऱ्या मजल्याकडे वळल्या. आणि त्या वळणार, हे तोंड उघडायच्या आधी मला माहीत होतं. रविवारचं भांडण होतंच हाताशी, पण भांडणं तर आमच्यात रोज व्हायची. म्हणून कोणाकडे माना वळत नव्हत्या.

तक्रारीचा कागद चेअरमननी लिहिला. त्यांचे साडू पोलिसात होते, त्यामुळे भाषा पक्की — 'मीटिंगमधील वादाचा राग मनात धरून' वगैरे. विशाल सकाळी सातच्या बसने गेला तो संध्याकाळी साडेसातला परतला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझाच मुलगा त्याच्या शेजारच्या सीटवर होता. चेअरमन म्हणाले, मग सकाळी जाता जाता मारला असेल. नितीनने मला आत बोलावून विचारलं, आई, नक्की का? मी म्हटलं, मी कुठे काय म्हणतेय, लोक म्हणताहेत. आणि सही केली. माझी सही वळणदार आहे. शाळेत असल्यापासून सगळे तिचं कौतुक करतात.

बुधवारी विशालला चौकीवर बोलावलं. हात कोणी लावला नाही, शिव्या दिल्या नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. दहाही बोटांना शाई फासून ठसे घेतले, तळहातांचे घेतले, समोरून एक आणि बाजूने एक असे फोटो काढले. गाडीवरच्या ओरखड्यासाठी. नियमात बसत होतं का? काकांनी विचारलं, तर म्हणे उत्तर मिळालं, नुसतं नोंदीला असतं हो, घाबरता काय.

संध्याकाळी पार्किंगमधल्या नळावर वहिनी त्याचे हात धूत होत्या. पंचवीस वर्षांच्या मुलाचे हात, लहान पोराचे धुवावेत तसे. आधी रॉकेल, मग साबण, मग नारळाची शेंडी. नखांच्या कडांतली शाई काही निघाली नाही. तो दुसरीकडे बघत उभा होता. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. कपडे काढले, तिथेच उभ्या उभ्या घड्या घातल्या. सगळ्यांच्या. रुमालांच्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात तो समोर आला. गळ्यात पट्टा, बसची वेळ झालेली. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं. एक पायरी खाली थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, पंपरूमच्या कडीला लाल रंग लागलाय. एकदा बघून घ्या."

आणि गेला.

म्हणजे त्याला कळलं होतं. हात धुवून घेताना तो त्या दाराकडेच बघत होता, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. चौकीत जाऊन सांगता आलं असतं त्याला. चेअरमनला हाताला धरून नेऊन दाखवता आलं असतं — सगळ्यांसमोर. तसं न करता त्याने मला एकटीला गाठून सांगितलं. मी स्वतःहून पुढे यावं, एवढी जागा माझ्यासाठी सोडली. माझ्या मुलाच्या वयाच्या मुलाने.

मी काय केलं? मी बघून घेतलं. शुक्रवारी रंगारी बोलावला, सेक्रेटरीच्या अधिकारात. पंपरूमचं दार, चौकट, कडी — सगळ्याला हिरवा ऑइलपेंट. मिनिट्समध्ये माझ्या अक्षरात आहे: 'पंपरूमचे दार गंजल्यामुळे रंगवून घेतले.' पुढच्या मीटिंगला कौतुकही झालं, आमच्या सेक्रेटरीबाईंचं किती बारीक लक्ष असतं म्हणून. हे मात्र म्हणाले, अगं, ती कडी कुठे गंजली होती? मी म्हटलं, तुम्हाला गाडीतलं कळत नाही तसं यातलंही कळत नाही. लोक हसले. हे नाही हसले. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. फक्त त्या गाडीत माझ्या शेजारी, डाव्या बाजूला, ते नंतर बसले नाहीत. मागे बसायचे. लोकांना वाटायचं, माझ्या ड्रायव्हिंगला घाबरतात. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी, एक खोटं झाकायला दुसरं बोलली, होतं असं माणसाच्या हातून. मलाही बरीच वर्षं हे पुरलं. पण तुम्ही ओळखलं असेलच — मी तुम्हाला पार्किंगमधून फिरवते आहे. मुद्दा तिथे नाहीच. मुद्दा माझ्या हॉलमध्ये, सोफ्यावर आहे.

पाच-सहा महिने गेले. विशालला त्याची कंपनी परदेशी पाठवणार होती. तेव्हा आमच्याकडे पोराचं परदेशी जायचं ठरलं की आधी पेढे वाटत आणि मग पासपोर्टच्या अर्जाला लागत. कांबळ्यांनी पेढे वाटले नव्हते. मला नितीनकडून कळलं. पासपोर्टसाठी पोलीस घरी चौकशीला येतात, आणि सोसायटी असली की सेक्रेटरीलाही विचारतात — किती वर्षं राहतात, वागणूक कशी. तसा एक जण आला. साध्या कपड्यातला, पन्नाशीचा, उन्हाने दमलेला. सकाळचे अकरा वाजले असतील. मी चहा दिला. तो कागद चाळत सांगायला लागला, की या मुलाच्या नावावर नोंद आहे, ठसे आहेत, फोटो आहे. हे असंच वर गेलं तर पासपोर्ट अडकणार. मग त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

"पोरगं चांगलं दिसतंय ओ मॅडम. तक्रार तुमचीच हाय. दोन ओळी लिहून द्या, गैरसमज झाला होता म्हणून. मी लावतो सोबत. सुटंल ते."

दोन ओळी. लक्षात येतंय का तुमच्या? त्याने मला खरं सांग असंही म्हटलं नव्हतं. पंपरूम नको, कडी नको, रिव्हर्स नको. नुसता गैरसमज. माझी अब्रू होती तिथे राहिली असती, मेंदीसकट. टीपॉयवर वही होती. वहीवर पेन होतं. टोपण काढलेलं होतं, मी सकाळी दुधाचे खाडे लिहीत होते.

मी म्हटलं, "नोंद तुमची, तुम्ही बघा. मी कशाला लिहून देऊ? उद्या त्याने पुन्हा काही केलं तर?"

पुन्हा.

हा शब्द मी वापरला. घाईत नाही, रागात नाही. चहाचा कप पुढे सरकवत.

का? लिहून दिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग ओरखडा मारला कोणी? हे एक झालं. हे मी स्वतःला सांगत आले. दुसरं मात्र आज सांगते आहे. नितीनचं परदेशी जायचं अजून ठरलं नव्हतं. एकाच बसने जाणारी दोन मुलं, आणि आधी त्याचं विमान? माझ्या मनात हे एवढ्याच शब्दांत आलं होतं. एवढ्याच. पापाला काही फार मोठं डोकं लागतं असं नाही.

पोलिसाने चहा संपवला. कपबशी स्वतः उचलून आत ओट्यावर ठेवून आला. जाताना नमस्कार केला नाही.

पासपोर्ट अडकला. कंपनीने दुसऱ्या कोणाला पाठवलं. वर्षाच्या आत कांबळ्यांनी घर विकलं आणि कात्रजच्या बाजूला राहायला गेले. जाण्याआधी वहिनी घरोघर निरोप घ्यायला आल्या. माझ्याकडेही आल्या. मी त्यांच्या हातावर साखर ठेवली. पंपरूमजवळचा कोपरा आमच्याकडेच राहिला.

पुढे सई पाच-सहा वर्षांची असताना तिला कात्रजला साप दाखवायला नेलं होतं. तिकिटाच्या रांगेत वहिनी भेटल्या, सोबत नातू. सगळ्यांची चौकशी केली त्यांनी, ह्यांच्या गुडघ्याचीसुद्धा. मग मला विशालचं विचारावंच लागलं. बरा आहे म्हणाल्या, कॉलेजात शिकवतो. परदेशाचं तेव्हा राहिलं ते राहिलंच. कुठे पोलिसांचा कागद लागला की तेच वर येतं. काकांनी नोंद काढून टाका म्हणून अर्ज करून करून पाहिले. कोणी सांगतं काढली, कोणी सांगतं आहे. आता त्याने एक फाईलच करून ठेवली आहे, जाईल तिथे घेऊन जातो. "सवय झाली त्याला," म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "ती लाल गाडी आहे का हो अजून?"

मी म्हटलं, नाही, विकली केव्हाच.

"बरं," म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये काय होतं, मी नाही सांगू शकत. काहीही नसेल कदाचित. सईने माझा हात ओढला. तिला नाग बघायचा होता.

ती सई आता कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कायदा बदलायचं चाललंय म्हणे. पोलिसांना कोणाचेही ठसे, चेहरा, डोळ्यांतली बुबुळं, सगळं मोजून घेता यावं आणि वर्षानुवर्षं ठेवता यावं — मग तो माणूस पार्किंगच्या भांडणात सापडलेला का असेना. मला त्यातली कलमं कळत नाहीत, सई सांगते तेवढंच. ती आणि तिच्या मैत्रिणी हरकती लिहून पाठवणार आहेत. इकडे आमच्या सोसायटीनेही पार्किंगच्या गेटला बोटाचं यंत्र बसवलं आहे, बाहेरच्या गाड्या आत लागतात म्हणून. माझं बोट त्यालाही उमगत नाही. वॉचमन मला बघितलं की उठून हाताने गेट उघडतो. आजींना कोण अडवणार?

सईने हरकतींचा मसुदा माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला, मराठीत, आणि शुद्धलेखन तपासायला मला दिला. दोन ठिकाणी तिने 'निर्दोष'ची वेलांटी दीर्घ काढली होती. मी ती ऱ्हस्व केली. तिने हरकतीखाली माझीही सही घेतली. वळणदार. मग पेनाचं टोक चावत म्हणाली, "आजी, यात एखादं खरं उदाहरण हवंय. नुसते मुद्दे कोणी वाचत नाही. तुझ्या ओळखीत झालंय का गं असं कोणाचं?"

मी म्हटलं, "नाही बाई. आमच्या सोसायटीत कुठले आलेत पोलीस?"

हे गेल्या गुरुवारचं.

इतका वेळ मी त्या बावन्न वर्षांच्या बाईला हसत होते, तिची मेंदी, तिचे एकवीस दिवस. तुम्हीही हसला असाल, मी हसवत होते. गुरुवारी बोलली ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

काल दुपारी, सगळे झोपले असताना, मी खाली जाऊन आले. पंपरूमचं दार तेच आहे. वरचा हिरवा रंग आता पोपडे धरून सुटायला लागलाय. कडीपाशी नखाने थोडा उकरला. खाली लाल आहे.

चौकीत तेव्हा माझा जबाब कोणी घेतला नाही. तो असा आहे. लाल गाडीवरचा ओरखडा मी केला. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास, गाडी मागे घेताना, पंपरूमच्या दाराची कडी लागून. त्या वेळी विशाल कांबळे हिंजवडीला त्याच्या ऑफिसात होता. हे मला तक्रारीवर सही करताना माहीत होतं, कडी रंगवून घेताना माहीत होतं, आणि पोलिसाला चहा देताना माहीत होतं.

अंगठा उमटत नाही, म्हणून सही केली आहे.